स्थूलता आणि मधुमेहासाठी प्रकाश व अल्ट्रासाउंड उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेझर, लाल दिवे, अवरक्त पॅड आणि अल्ट्रासाउंड यंत्रे यांच्याविषयी मधुमेही व्यक्ती व त्यांचे कुटुंबीय जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. येथील कोणत्याही माहितीच्या आधारे चालू औषधे परस्पर बदलू नयेत.

१. प्रकाश उपचार आणि अल्ट्रासाउंड उपचार म्हणजे नेमके काय? ते सगळे एकाच प्रकारचे असतात का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘लेझर’ या एकाच शब्दाखाली परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या गोष्टी येतात. कमी शक्तीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश, साधारण ६०० ते १,१०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, ऊतींना न तापवता पेशींच्या कामावर परिणाम करण्यासाठी वापरतात. जास्त शक्तीचे लेझर मात्र मुद्दाम उष्णता निर्माण करतात. चरबी कमी करणारी काही यंत्रे आणि डोळ्यांच्या दृष्टिपटलावरील उपचार या गटात मोडतात. डोळ्यांवाटे शरीराच्या घड्याळावर परिणाम करणारा तेजस्वी पांढरा प्रकाश हा तिसराच विषय आहे.

अल्ट्रासाउंड म्हणजे २०,००० हर्ट्‌झच्या पलीकडचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी. सोनोग्राफीत तो प्रतिमा काढण्यासाठी वापरतात आणि फिजिओथेरपीत साधारण १ ते ३ मेगाहर्ट्‌झचा ध्वनी सांधे व स्नायूंवर दिला जातो. तोच ध्वनी एका बिंदूवर केंद्रित केला, तर त्या जागेची ऊती नष्ट करता येते. म्हणून ‘अल्ट्रासाउंडने फायदा होतो का?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. किती वारंवारतेचा, किती शक्तीचा, शरीराच्या कोणत्या भागावर आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय कोणताही दावा तपासता येत नाही.

२. कमी शक्तीचा लाल प्रकाश पेशींवर काय करतो?

या शाखेची सुरुवात हंगेरीतील डॉक्टर एंड्रे मेस्टर यांच्या १९६७ च्या प्रयोगांपासून मानली जाते. लेझरमुळे उंदरांना कर्करोग होतो का, हे ते पाहत होते. कर्करोग झाला नाही, पण भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. आज सर्वाधिक मांडले जाणारे स्पष्टीकरण असे, की पेशीतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकाँड्रियांमध्ये, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर हा प्रकाश शोषून घेते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते. हे स्पष्टीकरण सर्वांनी अंतिम म्हणून स्वीकारलेले नाही.

मात्रेची एक अडचण येथे समजून घ्यावी. थोड्या प्रकाशाने परिणाम दिसतो आणि जास्त प्रकाश दिल्यास तोच परिणाम नाहीसा होतो किंवा उलटा होतो, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. त्यामुळे ‘जास्त वेळ बसलो तर जास्त फायदा’ हा समज या उपचारात लागू पडत नाही, आणि एका यंत्रावरील निष्कर्ष दुसऱ्या यंत्राला आपोआप लावता येत नाहीत.

३. लेझरने किंवा अल्ट्रासाउंडने चरबी खरोखर वितळते का?

काही यंत्रांनी चरबीच्या पेशी नष्ट होतात, हे खरे आहे. १,०६० नॅनोमीटरचे डायोड लेझर त्वचा थंड ठेवून खालच्या चरबीचे तापमान सुमारे ४२ ते ४७ अंश सेल्सिअसपर्यंत नेते आणि ते साधारण २५ मिनिटे तसेच ठेवते. केंद्रित अल्ट्रासाउंडमध्ये ध्वनिलहरी त्वचेतून निरुपद्रवपणे आत जातात आणि सुमारे सव्वा सेंटिमीटर खोलीवर एकत्र येतात. भिंगाने सूर्यकिरण एका ठिपक्यावर आणावेत तसे हे आहे. त्या ठिपक्याचे तापमान ५५ अंशांच्या वर जाते आणि तेथील पेशी तत्काळ मरतात. आणखी एका प्रकारात उष्णतेऐवजी ध्वनीच्या स्पंदांच्या यांत्रिक धक्क्याने पेशीचे आवरण फाटते.

मेलेल्या पेशी लगेच नाहीशा होत नाहीत. शरीरातील भक्षक पेशी त्या हळूहळू साफ करतात, म्हणून परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पहिल्या बैठकीनंतर तासाभरात घेर कमी झालेला दाखवला जात असेल, तर तो या प्रक्रियेचा परिणाम नसतो.

६३५ नॅनोमीटरच्या कमी शक्तीच्या लेझरविषयी दावा वेगळा आहे : पेशी मरत नाही, तिच्या आवरणाला तात्पुरती छिद्रे पडून चरबी बाहेर येते, असे सांगितले जाते. या दाव्याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

४. मग यातून वजन किती कमी होते?

जवळपास नाही. या यंत्रांचे निष्कर्ष किलोग्रॅममध्ये नव्हे, तर सेंटिमीटरमध्ये मांडले जातात आणि पोटाच्या घेरातील घट साधारण दोन ते तीन सेंटिमीटरच्या आसपास असते. घेर मोजणे किती निसरडे असते हे स्वतः करून पाहावे. पट्टी बेंबीच्या रेषेत धरली की बोटभर खाली, श्वास सोडून मोजले की घेऊन, सकाळी रिकाम्या पोटी की जेवणानंतर, एवढ्यानेच एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. ज्या अभ्यासात मोजणाऱ्याला कोणाला खरा उपचार मिळाला हे माहीत नव्हते आणि तुलनेसाठी नकली उपचाराचा गट होता, त्यालाच वजन द्यावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या यंत्रांच्या चाचण्यांत आणि वापराच्या सूचनांत शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय, बहुधा ३० किंवा त्याहून कमी असावा अशी अट असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ३० पासून पुढे स्थूलता सुरू होते. म्हणजेच ही यंत्रे स्थूलतेच्या उपचारासाठी तयार झालेलीच नाहीत. जवळपास सामान्य वजनाच्या व्यक्तीच्या शरीरावरील एखादा फुगवटा कमी करण्यासाठी ती आहेत. स्थूल व्यक्तीला ‘वजन कमी करण्याचा उपचार’ म्हणून ती विकणे मला अन्यायकारक वाटते, कारण तो खर्च आणि ती आशा दोन्ही दुसऱ्या, परिणामकारक उपचाराकडे जाऊ शकली असती.

५. पोटाचा घेर मधुमेहाचा धोका दाखवतो, असे डॉक्टर सांगतात. मग यंत्राने घेर कमी केला, तर धोकाही कमी व्हायला नको का?

हा तर्क स्वाभाविक आहे, पण तो चुकीचा ठरतो, आणि त्याचे कारण समजले तर या विषयातील निम्मे प्रश्न सुटतात. पोटाच्या भागात चरबीचे दोन वेगळे साठे असतात. एक त्वचेखाली, चिमटीत धरता येतो तो. दुसरा पोटाच्या स्नायूंच्या भिंतीमागे, आतडी व यकृताभोवती, शिवाय यकृताच्या आणि स्वादुपिंडाच्या आतही. इन्सुलिनला दाद न देण्याची स्थिती, म्हणजे इन्सुलिन प्रतिरोध, मुख्यतः या आतल्या चरबीशी निगडित आहे. घेर हा आतल्या चरबीचा बाहेरून दिसणारा अंदाज असतो. यंत्र बाहेरचा थर कमी करते. आतला साठा जसाच्या तसा राहतो. अंदाज बदलतो, आजार बदलत नाही.

याची सर्वांत स्पष्ट परीक्षा २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाली. सॅम्युअल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी १५ स्थूल स्त्रियांच्या पोटातून लायपोसक्शनने त्वचेखालची सुमारे ९ ते १० किलो चरबी काढली. त्यांतील ७ जणींना टाइप २ मधुमेह होता. दहा ते बारा आठवड्यांनी तपासले तेव्हा स्नायू, यकृत आणि चरबी यांची इन्सुलिनला मिळणारी दाद सुधारलेली नव्हती. रक्तदाब, रक्तशर्करा, रक्तातील मेद आणि दाहाचे निर्देशक यांतही लक्षणीय फरक नव्हता. दहा किलो चरबी थेट बाहेर काढून जे साधले नाही, ते लेझरच्या काही बैठकांनी साधेल असे मानायला आधार नाही.

याउलट आहार आणि हालचालीने वजन उतरते तेव्हा आतली चरबी, विशेषतः यकृतातील, तुलनेने लवकर कमी होते. म्हणून तेवढेच किलो वेगळ्या मार्गाने गेले, तर शरीरावरचा परिणाम वेगळा असतो.

६. नष्ट झालेल्या पेशींतील चरबी रक्तात जाऊन कोलेस्टेरॉल वाढवते का?

चाचण्यांत उपचारानंतर रक्तातील मेद आणि यकृताच्या तपासण्यांत चिंताजनक वाढ दिसली नाही, कारण चरबी अनेक आठवड्यांत हळूहळू सुटते. मात्र या चाचण्या प्रामुख्याने निरोगी व्यक्तींवर झाल्या आहेत. ज्यांचे ट्रायग्लिसराइड आधीच फार वाढलेले आहेत किंवा ज्यांना यकृताचा आजार आहे, त्यांनी त्या चाचण्यांवर विसंबू नये. ही चरबी लघवीवाटे बाहेर जात नाही. यकृत आणि इतर ऊती तिचा नेहमीच्या मेदाप्रमाणेच वापर करतात किंवा ती पुन्हा साठवतात.

७. पाठीवर लाल प्रकाश घेतल्याने जेवणानंतरची साखर कमी होते, असे वाचले. हे खरे आहे का?

असा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोफोटॉनिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला आहे. लंडनमधील मायकेल पाउनर आणि ग्लेन जेफरी यांनी ३० निरोगी व्यक्तींचे दोन गट केले. एका गटाच्या पाठीच्या वरच्या भागावर १५ मिनिटे ६७० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडला आणि ४५ मिनिटांनी सर्वांना ग्लुकोज प्यायला दिले. प्रकाश मिळालेल्यांमध्ये पुढच्या दोन तासांतील शर्करेची एकूण वाढ २७.७ टक्क्यांनी कमी होती आणि तिचे शिखर ७.५ टक्क्यांनी खाली होते. मायटोकाँड्रिया अधिक काम करू लागल्यास त्या जास्त ग्लुकोज वापरतील, असे त्यामागचे गृहीतक आहे.

मला हा अभ्यास मनापासून रोचक वाटतो. पण त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. प्रत्येक गटात १५ जण, सगळे मधुमेह नसलेले, एकाच दिवसाचा एकच प्रयोग. रोज प्रकाश घेतल्यास महिन्यानंतर काय होते, मधुमेह असलेल्या शरीरात हाच परिणाम दिसतो का आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी बदलते का, या प्रश्नांची उत्तरे एका दिवसाच्या प्रयोगातून मिळत नाहीत. ती मिळेपर्यंत हा उपचार नव्हे, तर पुढे तपासण्याजोगी कल्पना आहे.

८. मनगटावर बांधायचे लाल लेझरचे घड्याळ रक्त शुद्ध करून साखर कमी करते, अशी जाहिरात आहे. घ्यावे का?

घेऊ नये. मनगटाच्या त्वचेतून रक्तवाहिनीवर प्रकाश टाकल्याने रक्त ‘शुद्ध’ होत नाही; रक्तातील टाकाऊ पदार्थ काढण्याचे काम मूत्रपिंड आणि यकृत करतात. प्रश्न ७ मधील अभ्यासाचा दाखला या घड्याळासाठी दिला जात असेल, तर तेथे प्रकाशाची जागा, क्षेत्रफळ आणि मात्रा पूर्णपणे वेगळी होती हे ध्यानात ठेवावे.

९. अल्ट्रासाउंडने स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते का?

प्रयोगशाळेत होय. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील वेस्ना झ्देरिक यांच्या गटाने अल्ट्रासाउंड दिल्यावर स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, हे पेशींवर दाखवले आणि पुढे उंदरांवर प्रयोग केले. यात एक मूलभूत अडचण आहे : टाइप १ मध्ये बीटा पेशी फारशा उरलेल्याच नसतात, त्यामुळे तेथे उद्दीपित करण्यासारखे काही राहत नाही.

दुसरा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो. यकृताच्या प्रवेशद्वाराशी चेतातंतूंचे एक जाळे असते, जे शर्करेच्या पातळीची खबर मेंदूला देते. २०२२ मध्ये ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’मध्ये व्हिक्टोरिया कोटेरो आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की या जाळ्यावर दररोज काही मिनिटे केंद्रित अल्ट्रासाउंड दिल्यास मधुमेही उंदीर, घुशींसारखे मोठे उंदीर आणि डुकरे यांची शर्करा नियंत्रणात येते. येथे ऊती जाळली जात नाही; चेतातंतूंना केवळ उद्दीपन मिळते. मात्र प्राण्यांत यशस्वी झालेले पुष्कळ उपचार माणसांत टिकत नाहीत. त्यामुळे ‘अल्ट्रासाउंडने मधुमेह बरा’ असे सांगून कोणी आज पैसे घेत असेल, तर ते या संशोधनाच्या नावावर घेतलेले पैसे आहेत, त्याच्या आधारावर नव्हेत.

१०. हे उपचार सुरू केल्यावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करता येईल का?

नाही. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबवल्यास एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच, कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ले साचण्याची अवस्था, होऊ शकतो आणि तो जीवघेणा असतो. टाइप २ मध्ये औषधे कमी करणे किंवा थांबवणे काही जणांना शक्य होते, पण त्यामागे मोठी वजनघट असते. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत सुमारे ८५० कॅलरींच्या आहाराने तीन ते पाच महिने आणि त्यानंतर आधार देऊन वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना नियंत्रणात होता. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. सेमाग्लुटाइडच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनने, मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींच्या २०२१ मधील चाचणीत, ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरले. प्रकाश किंवा अल्ट्रासाउंडच्या कोणत्याही यंत्राने याच्या जवळ जाणारा निष्कर्ष दाखवलेला नाही.

११. पायांची जळजळ आणि बधिरपणा यांवर अवरक्त प्रकाशाचे पॅड उपयोगी पडतात का?

८९० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाचे पॅड एके काळी मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आणि सुरुवातीच्या लहान अभ्यासांत पायाची संवेदना सुधारल्याचे सांगितले गेले. त्या अभ्यासांत तुलनेचा गट कच्चा होता. २००८ मध्ये ‘डायबेटिस केअर’मध्ये लॉरेन्स लेव्हरी आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. तिच्यात निम्म्या रुग्णांना खरे आणि निम्म्यांना नकली पॅड दिले होते, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही तपासणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. घरी ९० दिवस वापरूनही दोन्ही गटांत फरक आढळला नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने २००६ मध्येच या उपचाराचा खर्च देणे थांबवले होते.

बधिर पायावर उष्णता देणाऱ्या कोणत्याही दिव्याचा किंवा पॅडचा एक गंभीर धोका आहे. निरोगी व्यक्ती चटका जाणवताच पाय मागे घेते. संवेदना गेलेल्या पायाला ती सूचना मिळत नाही. त्वचा लाल होते, फोड येतो, फोड फुटतो, आणि हे मोजा काढल्यावर किंवा चादरीला ओल लागल्यावरच ध्यानात येते. उपचार घ्यायचाच असेल, तर त्याआधी नायलॉनच्या तंतूने, म्हणजे १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, तळव्याची संवेदना तपासून घ्यावी आणि प्रत्येक वेळी नंतर पाय स्वतः किंवा घरच्यांकडून बारकाईने पाहून घ्यावा.

१२. पायाची जखम भरून येण्यासाठी लेझर किंवा अल्ट्रासाउंड द्यावे का?

लहान अभ्यासांत कमी शक्तीच्या लेझरने जखम लवकर आकसल्याचे निष्कर्ष आहेत, तसेच सुमारे ४० किलोहर्ट्‌झचा अल्ट्रासाउंड सलाइनच्या धुक्यातून जखमेवर देण्याची पद्धतही आहे. तरीही मधुमेही पायाविषयी मार्गदर्शन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने आपल्या शिफारशींत अशा भौतिक उपचारांना प्रस्थापित उपचारांऐवजी निवडू नये, असे म्हटले आहे. प्रस्थापित उपचार म्हणजे जखमेवरचा भार काढणे, मृत ऊती साफ करणे, संसर्गावर औषध देणे आणि रक्तपुरवठा तपासून गरज असल्यास तो सुधारणे. लेझरच्या बैठकांत गेलेले तीन आठवडे म्हणजे अनेकदा बंद झालेली रक्तवाहिनी उघडण्याचे गमावलेले तीन आठवडे असतात, आणि त्याची किंमत पायाने मोजावी लागते.

१३. मधुमेहामुळे डोळ्यांना लेझर करायला सांगितले आहे. वरच्या लेझरसारखेच तेही संशयास्पद आहे का?

मुळीच नाही. कृपया ते टाळू नका. मधुमेहात प्रकाशाच्या उपचाराचा सर्वांत भक्कम पुरावा इथेच आहे.

सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिलेल्या रुग्णांच्या दृष्टिपटलावरील भाजल्याच्या खुणा जर्मन नेत्रतज्ज्ञ गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी पाहिल्या आणि प्रकाशाने नेमकी जागा डागता येईल, ही कल्पना त्यातून आकाराला आली. पुढे लेझर आले. १९७६ मध्ये अमेरिकेतील ‘डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडी’ने दाखवले, की पुढच्या टप्प्यातील रेटिनोपॅथीत, म्हणजे मधुमेहामुळे दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांना झालेल्या इजेत, लेझर दिल्यास दृष्टी गंभीरपणे जाण्याचे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होते. १९८५ च्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासाने दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूजवळच्या सुजेवरही लेझरचा फायदा सिद्ध केला.

प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. थेंबांनी बाहुली मोठी केली जाते, डोळा बधिर केला जातो आणि त्यावर एक भिंग टेकवले जाते. हनुवटी आधारावर ठेवून बसायचे असते. एकामागून एक तेजस्वी चमका दिसतात; पारंपरिक पद्धतीत दृष्टिपटलाच्या कडेच्या भागावर सुमारे १,२०० ते १,६०० सूक्ष्म डाग दिले जातात, बहुधा दोन-तीन बैठकांत. काही चमकांना आत खोलवर टोचल्यासारखे वाटते. त्या दिवशी नजर धूसर राहते आणि वाहन चालवता येत नाही.

ऑक्सिजनची उपासमार झालेला कडेचा भाग डागल्याने त्याची मागणी घटते आणि नव्या, नाजूक, फुटणाऱ्या रक्तवाहिन्या वाढण्याचा संकेत मंदावतो. बदल्यात रात्रीची आणि कडेची नजर थोडी कमी होऊ शकते. हा उपचार उरलेली दृष्टी वाचवतो, गेलेली परत आणत नाही; म्हणूनच नजर चांगली असतानाच तो करावा लागतो, आणि नेमके तेव्हाच लोक तो पुढे ढकलतात.

मध्यबिंदूच्या सुजेसाठी आता बहुधा डोळ्यात द्यायची इंजेक्शने आधी वापरली जातात. पुढच्या टप्प्यातील रेटिनोपॅथीतही इंजेक्शने चालतात, पण त्यांच्या तारखा चुकल्यास डोळा झपाट्याने बिघडू शकतो. ज्यांना वारंवार येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी लेझर अधिक सुरक्षित ठरू शकतो. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

१४. मग घरी लाल प्रकाशाचे यंत्र डोळ्यांसमोर धरून सूज कमी करता येईल का?

याचीच चाचणी झाली आहे. अमेरिकेतील डीआरसीआर या संशोधनजालाने दृष्टी चांगली असलेल्या, पण मध्यबिंदूला सूज आलेल्या १३५ प्रौढांना ६७० नॅनोमीटरचा प्रकाश किंवा नकली प्रकाश दररोज दोनदा ९० सेकंद, चार महिने दिला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तो सुरक्षित होता, पण सूज कमी झाली नाही. म्हणून प्रश्न १३ मधील उपचाराला हा पर्याय नाही.

१५. सकाळी तेजस्वी प्रकाशात बसल्याने आणि रात्री अंधार ठेवल्याने मधुमेहात फरक पडतो का?

या प्रश्नाची दोन टोके वेगळी आहेत. सकाळच्या १०,००० लक्सच्या प्रकाशाची चाचणी नेदरलँड्समध्ये टाइप २ मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ८३ जणांवर झाली. रोज अर्धा तास, चार आठवडे प्रकाश घेऊनही इन्सुलिनला मिळणारी दाद नकली प्रकाशाच्या गटापेक्षा सुधारली नाही.

रात्रीच्या प्रकाशाविषयीचे निरीक्षण अधिक विचार करायला लावणारे आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने २० निरोगी तरुणांवर केलेल्या प्रयोगात, फक्त एक रात्र सुमारे १०० लक्स प्रकाशात झोपलेल्यांमध्ये हृदयाची गती वाढली आणि सकाळी इन्सुलिन प्रतिरोध वाढलेला आढळला. अभ्यास लहान आहे, पण दिवा मालवून झोपण्यात तोटा काहीच नाही. अपवाद दोन : रात्री उठताना पडण्याचा धोका असलेल्या व्यक्तींनी जमिनीलगत मंद दिवा ठेवावा, आणि रेटिनोपॅथी असलेल्यांनी तेजस्वी प्रकाशाचे यंत्र नेत्रतज्ज्ञांना विचारूनच वापरावे.

१६. उन्हात बसून व्हिटॅमिन डी वाढवले तर मधुमेह टळतो का?

२०१९ मधील ‘डी२डी’ या मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ जणांत रोज व्हिटॅमिन डीची ४,००० एकके घेऊनही मधुमेह होण्याचे प्रमाण संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय कमी झाले नाही. व्हिटॅमिनची कमतरता असल्यास ती भरून काढावी. तो हाडांसाठीचा उपचार आहे.

१७. हे उपचार कोणी घेऊ नयेत?

गरोदर स्त्रियांनी, ज्या भागावर उपचार करायचा तेथे कर्करोग, संसर्ग, उघडी जखम किंवा हर्निया असलेल्यांनी, तसेच त्या भागाची संवेदना गेलेल्यांनी चरबी नष्ट करणारे उपचार टाळावेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना अल्ट्रासाउंडनंतर मोठे काळेनिळे डाग पडू शकतात. पेसमेकर असेल, तर यंत्र सुरू करण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला हवा.

औषधांचा मुद्दा सहसा विचारला जात नाही. डॉक्सिसायक्लिन, हायड्रोक्लोरोथायझाइड, अॅमिओडॅरोन आणि क्वचित मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या यांनी त्वचा प्रकाशाला अधिक संवेदनशील होते. हा त्रास मुख्यतः अतिनील प्रकाशाने होतो, तरी प्रकाश उपचार देणाऱ्याला औषधांची पूर्ण यादी दाखवावी. लेझर चालू असताना त्या तरंगलांबीसाठी असलेला चष्मा उपचार देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, दोघांनीही लावायचा असतो.

१८. मी पोटावर इन्सुलिन टोचतो. त्याच जागी उष्णतेचा किंवा अल्ट्रासाउंडचा उपचार चालेल का?

येथे विशेष काळजी हवी. टोचलेल्या जागी उष्णता दिली, की रक्तप्रवाह वाढून इन्सुलिन अपेक्षेपेक्षा लवकर शोषले जाते आणि साखर अचानक उतरू शकते. त्यामुळे उपचाराच्या दिवशी मांडी किंवा दंड अशी दुसरी जागा वापरावी, उपचाराआधी व नंतर साखर तपासावी आणि जवळ ग्लुकोज ठेवावे. नंतर सूज, वेदना किंवा गाठ असेपर्यंत त्या जागी टोचू नये. वारंवार एकाच जागी टोचल्याने झालेल्या चरबीच्या गाठी यंत्राने घालवण्याचा विचार करू नये. जागा बदलत राहिल्यास त्या बहुधा हळूहळू कमी होतात. इन्सुलिन पंप आणि शर्करेचा सेन्सर यांच्याबाबत उत्पादकाच्या सूचना पाहाव्यात, आणि उपचाराच्या जागेवर ते असू नयेत.

१९. यंत्राला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, मंजुरी आहे. एवढे पुरेसे नाही का?

मंजुरी कशासाठी आहे, हे पाहावे. या प्रकारची यंत्रे बहुधा अशा मार्गाने बाजारात येतात, जिथे आधीपासून विक्रीत असलेल्या यंत्राशी पुरेसे साम्य दाखवावे लागते. नव्या औषधाइतका पुरावा मागितला जात नाही. केंद्रित अल्ट्रासाउंडला २०११ मध्ये आणि १,०६० नॅनोमीटरच्या लेझरला २०१५ मध्ये परवानगी मिळाली, ती कंबरेचा घेर किंवा चरबीचा फुगवटा कमी करण्यासाठी. मधुमेहाचा उल्लेख त्यात नाही. परवानगीचा कागद मागून त्यातील ‘वापराचा हेतू’ वाचावा.

२०. सुई न टोचता केवळ प्रकाशाने साखर मोजणारे घड्याळ किंवा अंगठी विश्वासार्ह आहे का?

नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने स्पष्ट इशारा दिला, की त्वचा न टोचता स्वतःहून शर्करा मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला परवानगी दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवली, तर काही तासांत बेशुद्धी येऊ शकते. त्वचेखाली बारीक तंतू असलेल्या सेन्सरचे आकडे घड्याळावर दिसणे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे घड्याळ फक्त पडद्याचे काम करते.

२१. माझी साखर नियंत्रणात आहे, वजनही बरेच उतरले आहे, पण पोटावर थोडी चरबी राहिली आहे. केवळ दिसण्यासाठी उपचार घेतला तर चालेल का?

चालेल, आणि या यंत्रांचा खरा वापर हाच आहे. वजन काही महिने स्थिर असावे, एचबीए१सी डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत असावे, कारण वाढलेल्या साखरेत भाजल्याची इजा उशिरा भरते, आणि त्या जागेची संवेदना तपासलेली असावी. चिमटीत पुरेसा जाड थर येत नसेल, तर केंद्रित अल्ट्रासाउंड देऊ नये, कारण केंद्रबिंदू चरबीच्या पलीकडे जाऊ शकतो. वजन उतरल्यामुळे सैल पडलेली त्वचा म्हणजे चरबी नव्हे. तिच्यावर ही यंत्रे फारसे काही करत नाहीत, त्यामुळे नेमके काय उरले आहे हे आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. उपचारानंतर पहिले दोन आठवडे त्या जागी रोज पाहावे. फोड, पाणी किंवा वाढती लाली दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.